मांजर पुन्हा पुन्हा वाफ्यात, कुंडीत घाण करतं: कारण कुठे शोधायचं आणि दुरुस्ती कुणी करायची

तक्रार सगळीकडे एकच असते. सकाळी पाणी घालायला जावं तर नुकती उगवलेली मेथी उकरून पडलेली, माती एका बाजूला ओढलेली आणि तिच्याखाली मांजराची शी. ती काढायची, वाफ्यात चार काटक्या खोचायच्या. आठवडाभर सगळं ठीक चालतं आणि मग शेजारच्या कुंडीत तेच सुरू होतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, त्याखाली "हे कुणाचं मांजर?" असा प्रश्न येतो, उत्तर कुणीच देत नाही.

मी पुण्यात तळमजल्यावर राहते. मागे बाग आहे आणि घरात मांजरंही आहेत, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू रोज कानावर येतात. हा त्रास परत परत का येतो याचं माझ्या मते कारण एकच आहे. मांजराला दिवसातून एक-दोनदा शौचाला जावंच लागतं. घरात त्याची सोय नसेल तर ते कुणाच्या ना कुणाच्या मातीत जाणार. बागवाल्याने कितीही अडथळे उभे केले तरी मांजर फक्त वाफा बदलतं. खरी दुरुस्ती मांजर जिथे जेवतं त्या घरात करावी लागते. बागेतले उपाय खाली दिले आहेत, ते कराच, पण मालकाचा भाग झाल्याशिवाय तक्रार मिटणार नाही हे धरून चला.

आधी खात्री: हे मांजराचंच काम आहे का?

दहा तक्रारींतल्या काही तरी मांजराच्या नसतात, आणि चुकीच्या प्राण्यावर उपाय केला तर तो लागू पडत नाही.

मांजर उथळ उकरतं, जेमतेम चार बोटं, आणि नंतर आजूबाजूची माती पंजाने ओढून झाकतं. खोल, गोल बीळ आणि तोंडाशी उपसलेल्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस. ती भिंतीच्या कडेने आणि झाडाच्या मुळाशी पोखरते, आणि तिच्यासाठी मांजराच्या मालकाशी भांडून उपयोग नाही.

गच्चीवर, पत्र्यावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर उघड्यावर घाण पडलेली असेल आणि तिच्यात पपई, जांभूळ, उंबर अशा फळांच्या बिया अख्ख्या दिसत असतील, तर ते उदमांजर. जुनी झाडं असलेल्या पुण्या-मुंबईच्या भागांत आणि कोकणात ते सर्रास असतं, रात्री फिरतं, पत्र्यावर धावल्याचा आवाज येतो. नावात मांजर असलं तरी त्याचा घरच्या मांजराशी संबंध नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते संरक्षित आहे, त्यामुळे पिंजरा लावून पकडणं वगैरे विचार मनातही आणू नका. खाली पडलेली पिकलेली फळं रोज उचला आणि माळ्याच्या फटी बुजवा, एवढं पुरतं.

शी कुठेच नाही, पण भिंत, गाडीचं चाक, चपलांचं कपाट किंवा तुळशीवृंदावनाची कड उग्र वासाने भरली आहे? तो बोका. नसबंदी न झालेला बोका शेपटी उभी करून, ती थरथरवत मागे लघवीचा फवारा मारतो. तो हद्दीची खूण करत असतो, शौचाला बसलेला नसतो. त्यामुळे वाफा झाकून हा त्रास जात नाही. त्याचा उपाय नसबंदी, आणि तो विषय पुढे येतोच.

उन्हाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. कुंडीतली रोपं चपटी झालेली, मधोमध वाटीसारखा खड्डा, पण घाण नाही. मांजर फक्त ओल्या, गार मातीत झोपलेलं असतं. कुंडीत चार काड्या उभ्या खोचल्या की ते दुसरीकडे जातं.

सगळं आवार सोडून तोच वाफा का?

मांजराला कोरडी, बारीक, भुसभुशीत माती लागते. आपण बी पेरण्याआधी वाफा नेमका तसाच करतो. खुरपून, ढेकळं फोडून, गांडूळखत आणि कोकोपीट मिसळून. कोकोपीट तर त्याला वाळूइतकंच आवडतं. म्हणून नवीन पेरलेल्या वाफ्यावर हल्ला आधी होतो आणि मेथी, कोथिंबीर दाट उगवली की आपोआप थांबतो.

दुसरं कारण वासाचं. एकदा जिथे बसलं तिथला वास आपल्या नाकाला गेला असं वाटलं तरी मांजराच्या नाकाला जात नाही, आणि तो वास त्याला परत बोलावतो. वरवरची शी उचलून खालची माती तशीच ठेवली तर तो वाफा संडास म्हणून ठरून जातो.

खतही तपासा. हाडांचा चुरा, मासळीचं खत, मासे-मटण धुतलेलं पाणी घातलं असेल तर मांजर आधी खायला काही आहे का बघायला येतं आणि मग उकरायला लागतं. ही खतं घालायचीच असतील तर खोल घालून वर जाड थर द्या.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. खोकली नावाचं तण, काही ठिकाणी त्याला कुप्पी म्हणतात, पावसाळ्यात कुंड्यांत आणि भिंतीच्या कडेला भरपूर उगवतं. त्याच्या मुळाच्या वासाने मांजरं वेडी होतात. लोळतात, अंग घासतात, मुळं उकरून काढतात. आवारातल्या दहा कुंड्यांपैकी एकाच कुंडीवर मांजरं तुटून पडत असतील तर त्या कुंडीत खोकली आहे का बघा. असेल तर मुळासकट उपटून दूर टाका. अर्धवट तोडली तर मूळ उघडं पडतं आणि त्रास वाढतो.

पावसाळ्यात जागा बदलतात. उघडा वाफा चिखल झाला की मांजर कोरडं शोधतं: पार्किंगचा कोपरा, जिन्याखाली ठेवलेल्या कुंड्या, पत्र्याखालचा वाफा. आणि कुणाच्या फ्लॅटचं काम चालू असेल तर गेटजवळ पडलेला वाळूचा ढीग. लहान मुलं त्याच ढिगात खेळतात, म्हणून हे आधी थांबवा. काम ज्याच्याकडे चालू आहे त्याला रोज संध्याकाळी ढिगावर ताडपत्री टाकायला लावा. हे मांजराच्या मालकावर ढकलू नका.

बागेत आज काय करायचं

पहिली सफाई नीट झाली नाही तर बाकीचं फुकट जातं. हातमोजे घाला. शी आणि तिच्या भोवतीची चार बोटं खोल माती खुरप्याने काढा, कागदात गुंडाळा आणि डायपरसारखा वेगळा कचरा म्हणून द्या. ती घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका, कारण तेच खत पुढे भाजीला जातं. जागा भरायला नवी माती वापरा. फरशी किंवा भिंतीवर लघवी असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा, कोरडं होऊ द्या आणि मग एकदा परत करा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, जुन्या वासाला ते जास्त लागू पडतात. अमोनिया असलेला क्लीनर टाळा, त्याचा वास लघवीच्या वासाच्या जवळचा असतो आणि मांजर त्यावर परत खूण करून जातं.

मग वाफा झाका. माझ्या अनुभवात सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी. पेरून झालं की ती वाफ्यावर आडवी पसरा, वर बोटभर माती टाका आणि कडा आत वळवून दाबा. रोपं भोकांतून वर येतात, मांजराला मात्र उकरता येत नाही. जाळी नसेल तर गुलाब, लिंबू, बोगनवेलीच्या छाटलेल्या काट्यांच्या फांद्या आडव्या अंथरा. टोकं डोळ्यांत जातील अशा उभ्या खोचू नका. कुंड्यांसाठी नदीतले गोटे, विटांचे मोठे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या पालथ्या मांडा, मधे मूठभरही मोकळी माती दिसता कामा नये. संध्याकाळी हलकं पाणी मारून वरचा थर ओला ठेवला तरी पहिल्या काही रात्री फरक पडतो.

संत्र्या-लिंबाच्या साली, कॉफीचा चोथा, कडुलिंबाची पेंड यांचा वास एक-दोन दिवस काम करतो, मग मांजर सरावतं किंवा वासच उडतो. पेंड खत म्हणून चांगली आहे, तेवढ्यासाठी घाला.

या सगळ्याबरोबर मांजराला जायला एक जागा ठेवा, कारण नुसते अडथळे घातले तर ते शेजारच्यांच्या वाफ्यात जाणार आणि भांडण एक घर पुढे सरकणार. आवाराच्या शांत कोपऱ्यात, छपराखाली, एका मोठ्या टबात किंवा विटांच्या चौकटीत कोरडी बारीक वाळू वीतभर भरा. त्यात त्याच वाफ्यातली वास लागलेली मूठभर माती टाका, म्हणजे मांजराला जागा कळते. ही वाळू रोज साफ करायची जबाबदारी मात्र मांजराला खायला घालणाऱ्याची. हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन आठवड्यांत तिथून दुर्गंधी येईल आणि लोक टब उचलून फेकतील.

हे अजिबात करू नका

डांबरगोळ्या. वाफ्याभोवती टाकतात, पण नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे, आणि लहान मूल ती गोळी गोड समजून तोंडात घालतं.

फिनेल. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकता येत नाहीत. ते फिनेलवरून चालतं, घरी जाऊन पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. मालकांनीही घरात फिनेलने फरशी पुसताना हे लक्षात ठेवावं.

लाल तिखट, तंबाखूची भुकटी, रॉकेल. तिखट डोळ्यांत आणि पंजांच्या गाद्यांत जातं, प्राणी तडफडतो, आणि पहिल्या पाण्याबरोबर ते वाहून गेलं की मांजर परत येतं. हा त्रास देण्यात काही साध्य होत नाही.

फाटकाला टांगलेल्या निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्या निरुपद्रवी आहेत, पण निरुपयोगीही आहेत. मांजर त्यांच्या सावलीत बसतं.

विष घालणं हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याचा दंड इतका जुना आहे की पहिल्या गुन्ह्याला 50 रुपयांच्या वर जात नाही, आणि त्यामुळे लोकांना वाटतं की काही होत नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विषाची गोळी कुत्रा, कावळा, शेजारचं मूल यांपैकी कुणीही उचलू शकतं.

पोत्यात घालून मंडईत किंवा टेकडीवर सोडून येणं हा तर फार चालणारा प्रकार. पाळलेलं मांजर अनोळखी जागी अन्नपाण्याविना मरतं किंवा परत घर शोधत रस्त्यावर गाडीखाली येतं. आणि आपल्या आवारात अन्न आणि आडोसा तसाच असल्यामुळे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरं मांजर येतं, बहुधा नसबंदी न झालेलं. तक्रार जिथे होती तिथेच राहते.

आता मालकाचं काम

मांजर पाळणाऱ्यांचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. "अहो, मांजर म्हणजे काय कुत्रा आहे का पट्टा बांधून फिरवायला? ते त्याच्या मर्जीचं." मांजर मर्जीचं असतं हे खरं. पण त्याचं पोट आपण भरतो, तर त्याच्या पोटातून बाहेर पडणाऱ्याची व्यवस्थाही आपलीच. दुसऱ्याने घाम गाळून वाढवलेल्या वाफ्यावर आपल्या मांजराचा हक्क नाही. मला मांजरं फार प्रिय आहेत आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते, कारण मालकाच्या आळसाची किंमत शेवटी मांजर मोजतं. काठी त्याच्याच पाठीत बसते.

घरात शौचाची जागा करा. दुकानातला महागडा लिटर बॉक्स लागत नाही. कपडे भिजवायचा उथळ मोठा टब किंवा स्वच्छ घमेलं चालतं, मांजर आत वळू शकेल एवढं. त्यात तीन-चार बोटं बारीक वाळू किंवा ओल लागली की गोळा होणारं बेंटोनाइटचं लिटर, म्हणजे मांजराच्या शौचासाठी दुकानात मिळणारी माती. टब खाण्याच्या भांड्यांपासून लांब, वर्दळ नसलेल्या जागी. मांजरं एकापेक्षा जास्त असतील तर जितकी मांजरं त्याहून एक टब जास्त. छोट्या फ्लॅटमध्ये हे अवघड जातं, पण चार मांजरं आणि एक टब असं असेल तर त्यांतलं एक तरी खाली बागेत जाणारच.

बाहेर जाण्याची सवय लागलेल्या मांजराला वळवण्यासाठी पहिले तीन-चार आठवडे त्याला घरातच ठेवा आणि टबातल्या वाळूवर त्याच्या नेहमीच्या जागेची माती पसरा. दर दोन-तीन दिवसांनी मातीचं प्रमाण कमी करा. मांजर दाराशी ओरडेल. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर त्याला टबाशी न्या, कारण त्याच वेळी त्याला जायचं असतं. टबात गेलं की लगेच थोडं खाऊ घाला. टबाबाहेर केलं म्हणून नाक घासणं, मारणं यातून ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं.

टब रोज साफ करायचा. यात नाकाच्या सोयीपेक्षा मोठं कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा एक ते तीन आठवडे तो विष्ठेत असतो, बहुतेक मांजरांच्या आयुष्यात एकदाच. बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. म्हणजे रोजच्या रोज उचललेली विष्ठा जवळजवळ निर्धोक, आणि शेजारच्या वाफ्यात पुरलेली, कुणाला न दिसलेली विष्ठा मात्र महिनोन् महिने मातीला धोकादायक करून ठेवू शकते. गरोदर बाईला याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळावर परिणाम होऊ शकतो. म्हणून गरोदरपणी टब साफ करण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, आणि बागेत हात घालताना हातमोजे घालावेत. या भीतीने घरातलं मांजर बाहेर टाकायची गरज नाही. बागेतली कोथिंबीर, पालक, मुळा कच्चा खाणार असाल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मांजर असो वा नसो.

दूध थांबवा, निदान कमी करा. मांजर डोळे मिटून दूध पितं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि पातळ शी होते. पातळ शी टबात झाकता येत नाही, अंगाला लागते, आणि बागेत झाली तर काढणाऱ्याचे हाल. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला उकडलेले मासे, चिकन किंवा मांजराचंच खाद्य आणि भरपूर पाणी द्या. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नका, ते त्याला विषारी आहे.

नसबंदी ही टाळण्यासारखी गोष्ट नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच, कधी त्याआधीही, माजावर येते. साधारण नऊ आठवड्यांत विते, तीन ते पाच पिल्लं होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांना ती घरं फिरवते. आज तुमच्या माळ्यावर, उद्या शेजारच्या कुंड्यांमागे. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" या समजाला आरोग्याचा काही आधार नाही. बोक्याची नसबंदी झाली की बहुतेकांचं फवारे मारणं, रात्रीची भांडणं आणि दूरवर भटकणं खूप कमी होतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात, फवाऱ्याची सवय लागायच्या आधी करून घेतली तर उत्तम.

लस द्या. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसाला होऊ शकतो. तीन महिन्यांनंतर पहिली लस, मग व्हेट सांगतील तसे डोस, आणि कार्ड जपून ठेवा. कुणाला तुमच्या मांजराने चावलं किंवा ओरखडलं तर भांडण नंतर करा, आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायला लावा आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. हा आजार एकदा लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

गॅलरीला जाळी बसवली की अर्धे प्रश्न मिटतात, वरच्या मजल्यावरून पडणारी मांजरंही वाचतात. बाहेर सोडतच असाल तर गळ्यात ओढ बसताच सुटणारा पट्टा आणि त्यावर फोन नंबर. यामुळे ग्रुपवरचा "कुणाचं मांजर" हा प्रश्न संपतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर आत ठेवा, कारण त्या वेळी पक्षी खाली उतरलेले असतात आणि मांजर शिकार करतं. बागेत बुलबुल, चिरक घरटी करत असतील तर हे विशेष पाळा.

पुणे महापालिकेने 2022 मध्ये पाळीव मांजरांचीही नोंदणी करण्याचं जाहीर केलं. बऱ्याच मालकांना याचा पत्ताच नाही. आणि संख्या किती असावी याचं भान सुटलं की काय होतं ते 2025 मध्ये हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं निघाल्यावर सगळ्या शहराने पाहिलं. तिथे रहिवासीही हैराण होते आणि ती मांजरंही.

"आमचं नाही हो, आम्ही फक्त खायला घालतो"

इथेच सगळ्यात जास्त सोसायट्या अडकतात. मांजर कुणाचंच नाही, पण चार घरांतून त्याला खायला मिळतं. माझं मत असं: जो रोज खायला घालतो त्याने बाकीचंही थोडं अंगावर घ्यावं. त्याला पूर्ण मालक ठरवू नका, तसं केलं तर लोक खायला घालणंच बंद करतील आणि भुकेलं मांजर कचरा उपसेल. पण चार घरांनी मिळून काही गोष्टी ठरवता येतात. खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्ध्या तासात भांडं उचलायचं. कुणाच्या दारात, गाडीच्या बॉनेटवर, कंपाउंडच्या भिंतीवर माशाचे काटे टाकायचे नाहीत. वाळूच्या टबाची पाळी लावायची. आणि नसबंदीचा खर्च वाटून घ्यायचा. मुंबई आणि पुणे महापालिकांनी भटक्या मांजरांच्या नसबंदीचे कार्यक्रम सुरू केले आहेत, प्राणीमित्र संस्थाही पिंजरे आणून मदत करतात. कानाचं टोक सरळ कापलेलं मांजर दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे, ही जगभर वापरली जाणारी खूण आहे. त्याला हाकलू नका, ते आपल्या हद्दीत नवीन बोका सहसा सहजी येऊ देत नाही.

मालकाशी बोलायचं कसं

ग्रुपवर फोटो टाकून सुरुवात करू नका. चारचौघांत अपमान झाला की माणूस मांजर आपलं असल्याचंच नाकारतो. संध्याकाळी घरी जा आणि आधी मदत मागा. असं काहीतरी:

"वहिनी, तुमची मनी रोज सकाळी आमच्या मेथीच्या वाफ्यात बसते. मी जाळी टाकते आहे, पण तिला घरात टब लावलात तर बरं होईल. हवं तर बागेतली माती मी आणून देते, तिला सवय लागेपर्यंत. आणि तिची नसबंदी झाली आहे का हो?"

आपण काय करतोय ते आधी सांगितलं आणि एकच नेमकी मागणी केली की बहुतेक लोक ऐकतात. उत्तर "बघते" आलं तर आठवड्याने परत विचारा. वयस्कर आजी-आजोबा मांजर पाळत असतील तर त्यांना वाळूची पिशवी उचलून आणणं जमत नसतं, त्यांना बोलण्याऐवजी पिशवी आणून द्या.

मालकांनो, तुमच्याकडे कुणी असं आलं तर "मांजर आहे, करणारच" हे वाक्य गिळा. त्या दिवशी खाली जाऊन तो वाफा स्वतः साफ करा. माझ्या पाहण्यात एवढ्या एका गोष्टीने जितकी भांडणं मिटली तितकी कुठल्याही ठरावाने मिटली नाहीत.

सगळं केलं, महिनाभर बरं होतं, आता परत सुरू

आधी टब बघा. पूर्वी टबात जाणारं मांजर अचानक बाहेर जायला लागलं तर टब घाण आहे, लिटर बदललं आहे, टबाची जागा हलवली आहे, घरात नवीन मांजर किंवा बाळ आलं आहे, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. सुगंधी लिटर माणसाला बरं वाटतं, पण बऱ्याच मांजरांना नको असतं. म्हाताऱ्या मांजराला सांधे दुखत असल्यामुळे उंच कड ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी टबाची एक बाजू खाली कापा.

मांजर टबात वारंवार बसतं, कण्हतं, आणि लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही, तर ही सवयीची तक्रार समजू नका. विशेषतः बोक्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी व्हेटकडे न्या.

घरचं मांजर टबातच जातंय आणि तरी वाफ्यात घाण आहे, तर आवारात नवीन मांजर आलं आहे. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा एक-दोनदा स्वतः बघा, नाहीतर पार्किंगच्या कॅमेऱ्यात पाहा. नसबंदी न झालेलं असेल तर पिंजऱ्याची व्यवस्था करा, आणि तोवर वाफ्यावरची जाळी काढू नका.

मालक दाद देत नसेल तर कमिटीकडे लेखी जा. अर्जात तारखा, जागा, फोटो आणि तुम्ही काय काय केलं ते लिहा, आणि मागणी नेमकी ठेवा: घरात टब, नसबंदी, लसीचं कार्ड, पट्ट्यावर नंबर. "सोसायटीत मांजरं पाळायला बंदी करा" असं मागू नका. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि अशा ठरावाच्या वादात मूळ तक्रार वर्षभर मागे पडते. स्वच्छता, नसबंदी आणि लस यांविषयीचे नियम मात्र सभेत सगळ्यांच्या संमतीने करता येतात. तेही झालं नाही तर महापालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडे त्याच अर्जाची प्रत द्या, आणि पोचपावतीचा नंबर जपून ठेवा.